सुबोधतेची कसोटी : गणित आणि दृष्टांत

शास्त्रीय विषयावरील सुबोध लेखनाकडे विद्वान बहुधा सहानुभूतीने, परंतु किंचित अवज्ञेने पाहतात. शास्त्र सूत्रात असते आणि ज्यांना सूत्र पेलत नाही त्यांच्यासाठी दृष्टांत असतो, अशी ही समजूत होय. उपयोजित गणिताच्या बाबतीत तर ती जवळजवळ सर्वमान्य आहे. तिचा परिणाम असा होतो की, अशा लेखनाचे मूल्यमापन त्याच्या गोडव्यावरून होते, खरेपणावरून होत नाही. आणि ज्या वाचकासाठी ते लिहिले जाते त्याच्या पदरात समजल्याचा केवळ भास पडतो.

वस्तुतः गणितात दृष्टांत दोन प्रकारांनी येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हे दोन्ही प्रकार आढळतात. भुंग्यांच्या थव्याचा काही भाग कदंबावर, काही कुटजावर गेला आणि एक भुंगा उरला, तर थवा केवढा, हे त्यातील एक प्रसिद्ध उदाहरण. ते रमणीय आहे. पण भुंग्यांच्या जागी आंबे घातले तरी गणित तेच राहते. येथे काव्य हा अलंकार आहे. दुसरे उदाहरण सरोवरातील कमळाचे. कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ढळून ती दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? देठ उभा असो वा तिरपा, त्याची लांबी एकच. तिरपा देठ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो आणि खोली पावणेचार हात येते. येथे कमळ काढून घेतले तर गणिताची आकृतीच नाहीशी होते. मुख आणि चंद्र यांच्यात आल्हादकत्व एवढे साधर्म्य काव्यातील उपमेला पुरते. गणितातील दृष्टांताचा साधारणधर्म मात्र परिमाणांमधला संबंध हाच असला पाहिजे.

हा दुसऱ्या प्रकारचा दृष्टांत केवळ अल्पाधिकाऱ्यासाठी नसतो, हे फॅरडे आणि मॅक्सवेल यांच्या संबंधावरून दिसते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून पुढे आलेल्या फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवती लोखंडाच्या किसाच्या ज्या रेषा उमटतात, त्यांच्या साहाय्याने तो विचार करीत असे. तरुण मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये या बलरेषांवर प्रबंध लिहिला आणि त्यांना एका कल्पित द्रवाच्या प्रवाहाचे रूप दिले. एका बिंदूतून पाणी सर्व दिशांना सारखे वाहत आहे असे मानावे. त्या बिंदूभोवतीच्या प्रत्येक गोलातून तेवढेच पाणी बाहेर पडणार; पण अंतर दुप्पट झाले की गोलाचा पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून वेग चतुर्थांश उरतो; अंतर तिप्पट झाले की नवमांश. विद्युत्‌भारामधील बलाचा व्यस्त वर्गाचा नियम असा डोळ्यांसमोर उभा राहतो. बलरेषांच्या बाबतीत फॅरडेचे चित्र आधी आले आणि मॅक्सवेलचे गणित त्याचे भाषांतर म्हणून मागाहून आले.

परंतु मॅक्सवेलचे खरे मोठेपण पुढेच आहे. हा द्रव अस्तित्वात नाही, तर्क म्हणूनही तो मानावयाचा नाही, ही काही कल्पित गुणांची जुळणी आहे, असे त्याने आरंभीच बजावले. भारित वस्तूतून खरोखर काही वाहत असते तर ती केव्हातरी रिती झाली असती. दृष्टांत कोठपर्यंत न्यावयाचा ही मर्यादा सांगितल्यामुळेच तो विश्वसनीय झाला. १८५७ च्या नोव्हेंबरात फॅरडेने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले की, गणिती जे निष्कर्ष काढतात ते सूत्रांइतक्याच पूर्णतेने व निश्चितपणे सामान्य भाषेत मांडता येणार नाहीत काय? हा प्रश्न दयेची याचना करणाऱ्याचा नव्हता; ज्याच्या कल्पनांवर ते गणित उभे होते त्याचा होता.

याच कसोटीवर सिल्व्हेनस थॉम्पसन याचे १९१० मधील ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक पाहावे. चौरसाची बाजू किंचित वाढली तर क्षेत्रफळ कसे वाढते, हे तो आकृतीने दाखवितो. समजा, बाजू १०० आहे आणि ती १ ने वाढली. दोन कडांना मिळून २०० च्या पट्ट्या लागतात आणि कोपऱ्यात १ चा लहान चौरस उरतो. वाढ एक-दशांश केली तर पट्ट्या २० च्या आणि कोपरा अवघा एक-शतांशाचा. संबंध स्पष्ट दिसतो, आणि हे या पुस्तकाचे निर्विवाद यश होय. तथापि कोपरा टाकून देण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न थॉम्पसन बाजूस ठेवतो. १७३४ मध्ये बर्कलीने न्यूटनच्या पद्धतीवर घेतलेला आक्षेप हाच होता : वाढ आधी आहे म्हणावयाचे आणि मग नाही म्हणावयाचे, हे कसे? कोपरा लहान आहे हे याचे उत्तर नव्हे. वाढ जसजशी कमी करावी तसतसे कोपऱ्याचे पट्ट्यांशी असलेले प्रमाण, आधी दोनशेंत एक, मग दोन हजारांत एक असे, हवे तितके घटविता येते, हे उत्तर होय. त्याच आकृतीत ते सांगता आले असते. सौलभ्याच्या आग्रहापायी ते राहिले.

मराठी वाचकाला दृष्टांत परका नाही. ज्ञानेश्वरीत एका अर्थासाठी दृष्टांतांची मालिका येते आणि पुढचा दृष्टांत मागच्याला हळूच दूर करतो. त्यामुळे कोणताही एक दृष्टांत म्हणजेच सिद्धांत असा भ्रम होत नाही. भारतीय भाषांतील शास्त्रलेखनाने या परंपरेकडून घ्यावयाचे ते हे भान. केवळ तिचे लालित्य नव्हे. समीक्षकानेही अशा लेखनाला दोनच प्रश्न विचारावेत. चित्राने संबंध वाहून आणला काय? आणि ते कोठे संपते हे सांगितले काय? चौपट अंतरावर प्रवाह सोळावा भाग उरेल, हे ज्या वाचकाला न सांगता उमगले, त्याला तो नियम कळला आहे. तो चिन्हांत लिहिता येत नसेल, इतकेच.