स्मृतीतील नोंदी आणि डिस्कवरील लेखन : एक चिकित्सा

संगणक प्रणाली आपल्या कारभाराची जी रोजनिशी लिहीत असते तिला ‘लॉग’ ही संज्ञा रूढ आहे. प्रवेश कोणी केला, कोणती सेवा बंद पडली, कोणत्या उपकरणाने प्रतिसाद दिला नाही, याची कालक्रमाने नोंद तीत होत असते. ही रोजनिशी थेट डिस्कवर न लिहिता रॅममध्ये ठेवावी व ठरावीक काळाने डिस्कवर उतरवावी, हा उपाय २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या प्रसाराबरोबर लोकप्रिय झाला. ‘लॉग-टू-रॅम’ ही त्यासाठीची परिचित आज्ञावली होय. लॉगच्या निर्देशिकेवर ती ‘टीएमपीएफएस’ ही रॅममधील फाइलव्यवस्था बसवते आणि नियत वेळी व संगणक रीतसर बंद होताना तिची प्रत कार्डावर उतरवते. या उपायाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही; मात्र त्याचे समर्थन ज्या सरसकटपणे केले जाते, ते तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

फ्लॅश स्मृतीची झीज हे वास्तव आहे. तिच्यातील खंड पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. शिवाय शंभर बाइटची एक ओळ लिहावयाची झाली तरी फाइलव्यवस्थेला सामान्यतः ४ किलोबाइटचा पूर्ण खंड लिहावा लागतो; म्हणजे चाळीसपट लेखन. फ्लॅशच्या अंतर्गत फेरमांडणीने त्यात आणखी भर पडते. अमेरिकेत २०२१ मध्ये टेस्ला कंपनीला सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्या अशाच झिजेमुळे. त्यांतील ८ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती सुमारे ३,००० लेखनचक्रांनंतर, म्हणजे पाच-सहा वर्षांत, निकामी होत होती व मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा त्यासोबत बंद पडत होता.

परंतु जे लहान स्मृतीबाबत खरे, ते सर्वच साधनांबाबत खरे मानणे हा तर्कदोष होय. २५० गिगाबाइटच्या सर्वसाधारण एसएसडीला १५० टेराबाइट लेखनाची हमी असते. तिच्यावर रोज १ गिगाबाइट लॉग लिहिला, तरी ती हमी पुरी होण्यास दीड लाख दिवस, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा संगणकावर हा उपाय योजणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणे. लहान संगणकावरही एक विसंगती संभवते. टीएमपीएफएसमधील मजकूर रॅम अपुरी पडल्यास ‘स्वॅप’मध्ये जातो, आणि स्वॅप त्याच कार्डावर असेल तर जे लेखन टाळावयाचे तेच मागील दाराने परत येते.

याहून मूलभूत आक्षेप लॉगच्या प्रयोजनाविषयीचा आहे. लॉग वाचला जातो तो बहुधा काही बिघडल्यानंतर. वीज अकस्मात गेली किंवा कर्नल कोसळले, तर रॅममधील प्रत उतरविण्यास अवधीच मिळत नाही. शेवटच्या प्रतीनंतरचे सर्व नष्ट होते. सुरळीत चाललेल्या तेवीस तासांच्या नोंदी सुरक्षित राहतात आणि अपघातापूर्वीची पाच मिनिटे हरवतात, असेही घडू शकते. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीज केव्हाही जाते, तेथे ही शक्यता केवळ तात्त्विक राहत नाही.

हा पेच नवा नाही. जुन्या ‘सिसलॉग’मध्ये प्रत्येक नोंदीनंतर फाइल डिस्कवर पक्की केली जाई. नियमातील फाइलच्या नावाआधी वजाचे चिन्ह दिले की हे बंधन सुटे; वेग वाढे, पण प्रणाली कोसळल्यास नोंद गमावण्याचा धोका असल्याची सूचना तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेली होती. ‘जर्नल्ड’ने मधला मार्ग काढला. नेहमीच्या नोंदी तो मूलतः पाच मिनिटांच्या अंतराने डिस्कवर पक्क्या करतो. अतिगंभीर तीन स्तरांतील नोंदी मात्र तत्काळ. येथे नोंदीच्या महत्त्वानुसार भेद केलेला आहे. लॉग-टू-रॅम असा भेद करीत नाही. क्षुल्लक सूचना आणि धोक्याची घंटा या दोहोंना ते एकाच पंक्तीत बसवते.

भारतात या प्रश्नास कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करावयाचे आहेत. विजेच्या एका झटक्यासरशी पुसले जाणारे लॉग अशा जबाबदारीस कसे पुरे पडणार?

मुळात इतके लिहिले का जाते, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला जातो. सिसलॉगमध्ये गांभीर्याचे आठ स्तर आहेत. त्यांपैकी सर्वांत खालचा, दोषशोधनाचा स्तर विकासाचे काम संपल्यावरही चालू ठेवला जातो आणि मग त्याच्या पुरासाठी रॅमचा बांध घातला जातो. तो स्तर बंद करणे, गंभीर नोंदी कार्डावर तत्काळ लिहिणे आणि उरलेल्या जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे पाठविणे, ही सोय अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारे राउटर आपला लॉग मूलतः रॅममध्येच ठेवतात, कारण त्यांतील अनेकांची फ्लॅश अवघी काही मेगाबाइटची असते. पण दूरस्थ संगणकाकडे नोंदी पाठविण्याचा पर्याय त्यांच्या मांडणीत आरंभापासून दिलेला असतो. लॉग-टू-रॅम बसवून निर्धास्त होणाऱ्यांपैकी कितीजण तो दुसरा संगणक उभा करतात, हे पाहण्यासारखे आहे.