यंत्रातली मींड

दिवाळी अंकात संगीतावर लिहायचे तर बालगंधर्व, भीमसेन किंवा लताबाई यांच्याविषयी लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु यंदा मला वाचकांपुढे एक निराळाच वादक ठेवावासा वाटतो. मुंबईचे चरणजितसिंग हे नाव फार थोड्या घरांत ठाऊक असेल. त्यांचा हात मात्र आपण सर्वांनी ऐकलेला आहे. कारण राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात ते बास गिटार आणि विजेवर चालणारी वाद्ये वाजवीत. चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकाराचे, कवीचे, गायकाचे नाव येई. वादकाचे नाव क्वचितच. मांडव ज्यांनी उभारला त्यांना लग्नपत्रिकेत कोण छापतो?

अशा या माणसाने १९८२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, एच.एम.व्ही.कडून स्वतःच्या नावाची एक ध्वनिमुद्रिका काढली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग आणि साथीला रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे. एक ठेका धरणारे, एक खर्जातली सुरावट फिरविणारे आणि एक पेटीसारख्या पट्ट्यांचे. तबला नाही, तंबोरा नाही. रागदारीच्या रसिकांना हा पोरखेळ वाटला असावा आणि नाचणाऱ्या तरुणांना यमनाशी कर्तव्य नव्हते. तबकडी खपली नाही आणि विस्मृतीत गेली.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी थोडे अमेरिकेत जायला हवे. आपल्याकडे 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढे येते. तिकडे डीजे हा माणूस असतो. शिकागोच्या 'वेअरहाऊस' नावाच्या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे दोन तबकड्या शेजारी फिरवीत, एकीचा शेवट दुसरीच्या आरंभात असा मिसळी की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. कोकणातला भजनीबुवा ठेका न मोडता अभंगातून गजरात जातो, तीच ही कला. त्या जागेवरूनच या संगीताला 'हाऊस' हे नाव पडले, असे सांगतात. १९८७ साली तिथल्याच 'फ्यूचर' नावाच्या मंडळींनी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढली. तीत ते खर्जाचे यंत्र होते. त्याची बटणे पिळून काढलेला चिरका, ओला आवाज जगभर गाजला आणि त्या प्रकाराला 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणू लागले.

पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजितसिंगांची जुनी तबकडी सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा एकच गलका झाला. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हे कोणी केले? अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक हिंदुस्थानी! सत्तरी गाठलेले चरणजितसिंग युरोपच्या रंगमंचावर गेले, तरुण मुले त्यांच्या रागांवर नाचली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हाही मृत्युलेखांत हीच पदवी वारंवार आली.

माझे मतभेद येथून सुरू होतात. ही पदवी त्यांचा गौरव करीत नाही. त्यांचे काम झाकून टाकते. त्यांची तबकडी ऐकून शिकागोवाल्यांनी काही उचलले, असा कोणताही धागा सापडत नाही. दोघांच्या हाती एकच यंत्र आले, एवढेच नाते. आणि त्या यंत्रात दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी शोधल्या.

हे यंत्र मुळात एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून निघाले. सोळा घरे भरून द्यायची; कोणता सूर, कोठे जोर, कोणत्या सुरावरून पुढच्यावर घसरत जायचे. मग ते तेवढेच पुन्हा पुन्हा वाजवीत राहते. साथीदार म्हणून ते फसले आणि कंपनीने १९८४ साली बंद केले. शिकागोच्या मुलांना त्यात आवाजाचा रंग सापडला. चरणजितसिंगांना त्यात घसरण सापडली. आपल्या भाषेत, मींड.

ही गोष्ट लहान नाही. पेटीला मींड येत नाही, तिच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला ठाऊक नाही, हा आक्षेप किती जुना! याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ती परदेशी पेटी मराठी कानाला घरची करून दिली. ज्या यंत्रात कोणी राग शोधला नसता, त्यात चरणजितसिंगांनी नेमकी पेटीची उणीव भरून निघालेली पाहिली. हे जनकत्वापेक्षा मोठे श्रेय आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ख्यालात लय हळूहळू चढत जाते, राग उमलतो. येथे ठेका पहिल्या ठोक्याला जो वेग धरतो तो शेवटपर्यंत सोडीत नाही. दहाही राग त्याच साच्यातून गेल्यामुळे मालकंसाचे गांभीर्य आणि कलावतीचा लाडिकपणा यांतले अंतर बरेच कमी होते. एका बैठकीत सर्व तबकडी ऐकली तर मन थकते.

मात्र 'तेच ते वाजते' हा आक्षेप मला मान्य नाही. गणपतीत आमच्या वेळणेश्वरास जाखडीचा फेर धरतात, तेव्हा मृदंग एकच बोल घट्ट धरून असतो आणि पायांतले चाळ त्यावर पडत राहतात. रात्र सरते, कंटाळा येत नाही. पुनरावृत्ती ही जमीन असते. तिच्यावर काय पेरले हे पाहायचे. चरणजितसिंगांनी राग पेरले. सगळे सारखे उगवले नाहीत, पण यमन आणि मधुवंती उगवले आहेत.

आज दिवस पालटले आहेत. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस गीत एका डच कंपनीनेच प्रसिद्ध केले आणि शाळेतल्या मुलांच्या तोंडी बसायला त्याला अवधी लागला नाही. चरणजितसिंगांना अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले. नव्या मंडळींची कारकीर्द पुढे कशी होते हे काळ ठरवील. परंतु त्यांना दाद देताना परक्या मुलखात कोणाच्या आधी किंवा कोणाच्या बरोबर, हे माप आपण वापरू नये. आपला कान काय म्हणतो ते आधी विचारावे. १९८२ साली ते कोणी विचारले असते, तर वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतल्या एका वादकाला आपले नाव ऐकण्यासाठी सत्तरी गाठावी लागली नसती.