गिटारची हील आणि ‘वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज पोचतो’ हा दावा

इलेक्ट्रिक गिटारचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. एक वाक्य बहुतेक वेळा सापडतंच: नव्या हीलमुळे वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज पोचतो. वाचायला सोपं आहे, खरंही वाटतं. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे थांबायला हवं. सहज म्हणजे किती? कोणाचा हात? आणि तो हीलमुळेच पोचतो, हे कशावरून?

आज या एका वाक्याची चिकित्सा करू. तुम्ही गिटार वाजवत नसाल तरी हरकत नाही. ‘अमुक बदलामुळे तमुक सुधारतं’ या घाटाचं वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्येही येणार आहे, आणि त्यावर हेच प्रश्न विचारले जाणार आहेत.

आधी वस्तू नीट बघा

गिटारचा लांब नेक जिथे बॉडीला जोडला जातो, तिथल्या जाड भागाला हील म्हणतात. डाव्या हाताचा अंगठा नेकच्या मागे टेकलेला असतो आणि बोटं पुढून तारा दाबतात. हात बॉडीकडे सरकला की सूर चढतो, म्हणून बॉडीजवळच्या फ्रेटना ‘वरचे’ म्हणायचं. साधारण पंधराव्या-सोळाव्या फ्रेटनंतर अंगठ्याच्या वाटेत हील येते.

आता आकडे. स्ट्रॅटोकास्टर घराण्यातल्या गिटारची बॉडी सुमारे ४५ मिमी जाड असते. नेक ज्या खाचेत बसतो ती सुमारे १६ मिमी खोल. म्हणजे खाचेखाली २९ मिमी लाकूड उरलं. नेकचं टोक तिथे साधारण २५ मिमी जाड असतं. बेरीज ५४ मिमी. बाराव्या फ्रेटपाशी हाच नेक २२-२३ मिमीच्या आसपास असतो. म्हणजे काही सेंटिमीटर पुढे सरकताना हाताला मिळणारी जाडी दुपटीहून जास्त होते, तीही उतारासारखी हळूहळू नाही, पायरीसारखी एकदम. वादकांची तक्रार या पायरीबद्दल असते.

‘हील मोठी आहे’ हे मत झालं. ‘२३ वरून ५४ मिमीची पायरी आहे’ हे निरीक्षण झालं. तुमच्या विषयात ही पायरी कुठली, ते आधी शोधा.

हाताचं काय होतं

एक प्रयोग आत्ता करा. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. मग मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तशीच मूठ आवळून बघा. जोर गेला ना? बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराकडच्या भागात असतात आणि त्यांचे कंडरे मनगटावरून बोटांत जातात. मनगट वाकलं की ते स्नायू आधीच आखूड झालेले असतात, त्यांना ओढायला वाव उरत नाही.

हीलपाशी नेमकं हेच घडतं. अंगठा मागे टेकायला जागा नसली की तो बॉडीच्या कडेवर येतो, मनगट वाकतं, बोटांचा जोर घटतो. तार ओढून सूर चढवण्याला, म्हणजे बेंडला, याचा फटका जास्त बसतो. बेंड करताना बरेच वादक अंगठा नेकवरून आकड्यासारखा अडकवतात आणि त्या आधारावर हात फिरवतात. हीलवर अंगठा अडकतच नाही.

म्हणजे ‘हात पोचतो का’ हा प्रश्नच अपुरा आहे. करंगळी बाविसाव्या फ्रेटला टेकते, पण तिथे पूर्ण एका स्वराचा बेंड सुरात येत नाही, हे शक्य आहे. पोचणं आणि वाजवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. माहितीपत्रक पहिलीचं वचन देतं, घेणारा दुसरीचे पैसे मोजतो.

‘तीन फ्रेट’ हे माप फसवं का आहे

गिब्सनच्या लेस पॉलचं (१९५२) उदाहरण घ्या. जाड बॉडी, एकाच बाजूला कटअवे, आणि नेक-बॉडीचा जोड साधारण सोळाव्या फ्रेटपाशी. १९६१ मध्ये गिब्सनने तिचं रूप पार बदललं. पातळ बॉडी, दोन्ही बाजूंनी कटअवे, आणि जोड तीन फ्रेट पुढे. पुढे ही गिटार एसजी म्हणून ओळखली गेली. तिच्याबद्दल लिहिताना ‘जोड तीन फ्रेट पुढे सरकवला’ हे आवर्जून सांगितलं जातं.

पण तीन फ्रेट म्हणजे किती अंतर? फ्रेट समान अंतरावर नसतात. उरलेल्या तारेची लांबी सुमारे १७.८ ने भागली की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. गिब्सनच्या सुमारे ६२८ मिमी लांबीवर पहिले तीन फ्रेट १०० मिमी जागा घेतात. सोळा ते एकोणीस हे तीन फ्रेट फक्त ४० मिमी. एकोणीस ते बावीस, अवघे ३३ मिमी. एकाच शब्दात मावणारी अंतरं तिपटीने वेगळी आहेत. तुमचं एकक सगळीकडे सारखं राहतं का, हे तपासल्याशिवाय तुलना करू नका. सर्वेक्षणातल्या ‘थोडं सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांच्यामधल्या अंतरालाही हाच नियम लावा.

या ४० मिमीची किंमतही बघू. नेक म्हणजे एका टोकाला पकडलेली पट्टी. नटपासून जोडापर्यंतची मोकळी लांबी लेस पॉलवर सुमारे ३७९ मिमी धरा, जोड तीन फ्रेट पुढे नेला की ४१९. नेकची जाडी तीच राहिली असं मानलं, तर तारांच्या ओढीने येणारा वाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २२ टक्के. टोकाला हाताने ढकललं तर तो घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३५ टक्के. आणि हा जोड सांभाळणार कशाला? नेहमीच्या सहा तारांची एकूण ओढ ४५ किलोच्या आसपास असते. एसजीचा नेक जरा ढकलला की सूर हलतो आणि सोडून दिली की ती हेडस्टॉककडे झुकते, या जुन्या तक्रारी काही हवेतून आलेल्या नाहीत. हे ढोबळ गणित आहे, खऱ्या नेकमध्ये ट्रस रॉड असतो आणि जाडीही बदलते. पण दिशा कळायला तेवढं पुरतं. हात मोकळा केला की जोडावर भार येतो. ‘सुधारणा’ या शब्दाच्या मागे काय गमावलं, हे विचारायची सवय लावा.

चौकोनी हीलचा बचाव

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या डिझाइनमध्ये नेक चार स्क्रूंनी बसतो आणि खराब झाला तर काढून दुसरा लावता येतो. मागे चौकोनी धातूची पट्टी, खाली चौकोनी लाकूड. कापायला सोपं, बसवायला सोपं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर एकवीसच फ्रेट होते. त्या गिटारला ‘चोविसाव्या फ्रेटला त्रास होतो’ म्हणून नापास करणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे गुण कापणं. टीका करताना वस्तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बनली, ते आधी सांगा.

पण बचावालाही मर्यादा आहे. पुढे संगीत बदललं, वेगवान सोलो वाजू लागले, चोवीस फ्रेटच्या गिटार सर्रास झाल्या. तरी चौकोनी कोपरा बराच काळ ‘परंपरा’ म्हणून टिकला. फेंडरने २०२० च्या अमेरिकन प्रोफेशनल टू मालिकेत हील घासून गोलसर केली. कोपरा कापायला कुठलं नवं विज्ञान लागलं नव्हतं. इथे माझी टीका स्पष्ट आहे: उत्पादनाची सोय होती ती पुढे ‘वारसा’ म्हणून विकली गेली.

आयबानेझची १९९० च्या दशकातली ‘ऑल ॲक्सेस’ हील मला जास्त विचारी वाटते. तिने चार स्क्रू ठेवले, पट्टी काढून टाकली, प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र वाशर दिला आणि तळहात टेकतो तेवढाच कोपरा उतरता केला. नेक बदलण्याची सोयही राहिली.

तिसरा मार्ग नेक-थ्रूचा. जॅक्सनच्या सोलोइस्टसारख्या गिटारमध्ये नेकचं लाकूड बॉडीच्या आरपार जातं, त्यामुळे हील जवळजवळ नाहीशी करता येते. हाताला सुख, पण नेक बिघडला तर दुरुस्ती अवघड आणि महाग. ज्याच्याकडे एकच गिटार आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

मध्येच घुसणारा दुसरा दावा

हीलची चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, ‘पण नेक-थ्रूमध्ये सूर जास्त वेळ टिकतो.’ आर. एम. मोटोला या वाद्य बनवणाऱ्या अभ्यासकाने २००७ मध्ये जोडाचा प्रकार आणि सूर टिकणं यांचा संबंध मोजून पाहिला. त्या मोजणीत स्क्रूने बसवलेला नेक मागे पडला नाही, उलट थोडा पुढेच निघाला. आणि ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून जगाचा नियम काढू नका. पण वर्षानुवर्षं सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट सिद्ध होत नाही, एवढं त्यातून नक्की घ्या.

मग अभ्यास कसा रचायचा?

समजा तुम्ही लेस पॉल आणि सोलोइस्ट वीस वादकांना दिल्या आणि सोलोइस्टवर गुण जास्त आले. हील जिंकली? नाही. कटअवे वेगळा, बॉडीची जाडी वेगळी, नेकचा आकार वेगळा, फ्रेटची संख्या वेगळी, वजन वेगळं. पाच-सहा गोष्टी एकदम बदलल्यात आणि श्रेय एकीला देताय. सिनॉप्सिस इथेच परत येतो.

माझी सूचना अशी. पातळ हीलची एकच गिटार घ्या. थ्री-डी प्रिंटरवर दोन ठोकळे बनवा. एक हीलवर बसून चौकोनी कोपरा तयार करेल, दुसरा कटअवे थोडा बुजवेल. आता चार स्थिती मिळाल्या: दोन्ही नाहीत, फक्त हील, फक्त कटअवे, दोन्ही. तारा, नेक, आवाज सगळं तेच. आता हीलचा परिणाम आणि कटअवेचा परिणाम वेगळा काढता येईल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही एकत्र आल्यावर त्रास नुसत्या बेरजेपेक्षा वाढतो का, तेही दिसेल. माझा अंदाज आहे की वाढतो, कारण कटअवे खोल असला तर तळहात बाजूने वळसा घेऊ शकतो. पण हा अंदाजच आहे. म्हणून तर मोजायचं.

प्रत्येक वादकाने चारही स्थितींत वाजवायचं, क्रम बदलत ठेवायचा, नाहीतर शेवटच्या स्थितीला सरावाचा फायदा किंवा थकव्याचा तोटा मिळेल. मोजायचं काय? बाविसाव्या फ्रेटवर पूर्ण स्वराचा बेंड २०० सेंटपासून किती चुकला. ठरलेल्या तुकड्यात किती सूर दबले नाहीत. मनगट किती अंशांनी वाकलं. आणि शेवटी वादकाला काय वाटलं. ‘वाटणं’ यादीत हवंच, पण एकटं नको.

दोन अडचणी राहतील. वादकाचा हात हील ओळखणारच, त्याच्यापासून ती लपवता येत नाही. पण ध्वनिमुद्रणाला गुण देणाऱ्यापासून नक्की लपवता येते. दुसरी अडचण सवयीची. वर्षानुवर्षं लेस पॉल वाजवणाऱ्याने स्वतःची युक्ती शोधलेली असते. त्याला हील नडत नाही, याचा अर्थ हील नडत नाही असा होत नाही. प्रत्येक वादकाचं रोजचं वाद्य कोणतं, ते नोंदवा आणि विश्लेषणात घ्या.

तर निकाल काय?

हीलमुळे फरक पडतो, हे हाताच्या रचनेवरून पटण्यासारखं आहे. पण पत्रकातलं वाक्य मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. ते पोचण्याला वाजवणं समजतं, हीलला कटअवेचं श्रेय देतं आणि जोडावर पडलेल्या भाराबद्दल गप्प बसतं. माझ्या मते चांगली हील म्हणजे नाहीशी झालेली हील नव्हे. जोडाची पकड ठेवून तळहाताखालचा कोपरा काढते, ती चांगली.

आता तुमच्या सिनॉप्सिसचं मुख्य वाक्य काढा. त्यातल्या ‘मुळे’ या शब्दाखाली रेघ मारा. त्या शब्दाच्या डावीकडे खरोखर एकच गोष्ट बदलते आहे का? उजवीकडचा शब्द मोजता येतो का? आणि त्या बदलात काय गमावलं जातं, ते कुठे लिहिलंय का? तिन्हींची उत्तरं कागदावर येईपर्यंत गाईडकडे जाऊ नका.