चित्रणगृहातील प्रेक्षक : आस्वादक की घटक?

नाट्यगृहातील प्रेक्षक प्रयोगाचा आस्वाद घेतो. दूरचित्रवाणीच्या चित्रणगृहात बसलेल्या प्रेक्षकाचा मात्र प्रयोगाची सामग्री म्हणूनही उपयोग केला जातो. या दृष्टीने अमेरिकेतील जॉनी कार्सन यांचा 'द टुनाइट शो' (१९६२–१९९२) अभ्यसनीय आहे. १९७२ पासून बरबँक येथे त्याचे चित्रण सायंकाळी होई, प्रक्षेपण त्याच रात्री उशिरा. प्रवेश विनामूल्य, आणि कार्सन येण्यापूर्वी सभागृहाला हसते करण्याचे काम त्यांचे सहकारी एड मॅकमहन करीत. अशा चित्रणगृहांत टाळ्यांची सूचना देणारी दिव्याची पाटीही असते.

एवढ्यावरून हा प्रेक्षक म्हणजे बिनपगारी नोकर, असा निष्कर्ष निघू शकेल. तो आम्हांस अपुरा वाटतो. टाळी सूचनेने वाजते. हसू तसे येत नाही. चार्ल्स डग्लस यांनी १९५० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रित हास्याचे यंत्र प्रचारात आणले. त्या यंत्राला न हसण्याची मुभा नव्हती! कार्सन यांच्या सभागृहाला ती होती. प्रास्ताविक भाषणातील एखादा विनोद पडला की ते क्षणभर थांबत आणि स्वतःच्या फजितीवरच दुसरा विनोद करीत. तो पुष्कळदा पहिल्याहून सरस उतरे. क्वचित वादकवृंद 'टी फॉर टू'ची धून सुरू करी आणि कार्सन पावले टाकू लागत.

अभिनवगुप्तांचा सहृदय तन्मय होतो. येथील प्रेक्षक तन्मयता नाकारतो, आणि त्या नकारातूनच प्रयोगाचा उत्तम भाग निर्माण होतो. शिवाय हा नकार घरी बसलेल्यांपर्यंतही पोहोचत असे.