पंचवीस की वीस पाच?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक वर्गात आले आणि ‘एकवीस’च्या शेजारी ‘वीस एक’ छापलेले पाहून महाराष्ट्र खवळला. प्रश्न विधानसभेत गेला, विनोद झाले, मराठीच्या भवितव्याची काळजी वाहिली गेली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) सांगत राहिल्या की जुनी नावे काढलेली नाहीत. मुलांना जोडाक्षरे आणि उलटा क्रम जड जातो म्हणून आणखी एक वाट दिली आहे. त्या गदारोळात ते पुस्तक उघडून किती जणांनी पाहिले असेल? मीही पाहिले नव्हते. पाहिले ते पुढे, भाचीमुळे.

ती डी.एल.एड. करत होती आणि मोहोपाड्याच्या एका शाळेत तिचे सरावपाठ चालू होते. “गणिताशी माझं कधी जमलं नाही, मावशी, पण दुसरीला काय, उजळणीच तर घ्यायची,” असे ती म्हणाली होती. तिने ‘त्रेपन्न’ सांगितले की एक मुलगी ३५ लिही. ‘पस्तीस’ सांगितले की ५३. भाचीने वहीत शेरा मारला : लक्ष नाही.

मी तिला त्रेपन्न हळूहळू म्हणायला सांगितले. तिने दोनदा म्हटले. “आधी तीन, मग पन्नास... म्हणजे ती ऐकते तसंच लिहिते की!” मग थोड्या वेळाने, “मीपण असंच लिहायचे. मार खाल्लाय त्यासाठी.”

पुस्तकाची बाजू इथे भक्कम आहे. आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी. कानडीत दशक आधी बोलतात; चिनी मूल तर २१ ला ‘दोन दहा एक’ असेच म्हणते. जर्मन लोक मात्र आपल्यासारखे एकक आधी सांगतात, तेव्हा हा कोणाच्या मागासलेपणाचा प्रश्न नाही. पण मराठीत आणखी एक पेच आहे. पन्नासचा ‘पन्न’ होतो, तिसाचा ‘तीस’च राहतो, नव्वदाचा ‘ण्णव’ होतो. शंभरापर्यंतची बहुतेक नावे मुलाला एकेक करून पाठच करावी लागतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. नावे शेजारी शेजारी छापली की समज येते असे धरून चालणे चुकीचे. भाचीने प्रथम काय केले? दोन्ही नावांचा सुबक तक्ता केला आणि वर्गाकडून ‘पन्नास तीन त्रेपन्न’ असे घोकून घेतले. त्या मुलीच्या डोक्यावर एकाऐवजी दोन ओझी आली! मुलाची अडचण पुस्तकाने ओळखली. पण शिकवणारीही त्याच उजळणीतून आली आहे, हे विसरले गेले. विरोधकांनी तर मुलाचाही विचार केला नाही. त्यांनी भाषेचा केला, तोही अर्धाच. भाषा टिकवायची तर तिच्या शब्दांची फोड मुलांना दाखवायला नको का?

मग काड्या आल्या. दहादहाचे गठ्ठे, रबरबँड लावून. पाच गठ्ठे, तीन सुट्या : पन्नास तीन. “आपण बोलताना आधी सुट्या सांगतो, मग गठ्ठे, म्हणून त्रेपन्न.” हे जमले. तीच मुलगी पुढे एकोणसाठला अडली. “बाई, साठ म्हणताय, पण गठ्ठे तर पाचच आहेत.”

बाईंनाही उत्तर येत नव्हते. त्या रात्री तिचा फोन आला. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे तिला विसाव्या वर्षी कळले. दुसऱ्या दिवशी तिने पाच गठ्ठ्यांशेजारी नऊ सुट्या काड्या ठेवल्या आणि विचारले, साठ व्हायला किती हव्यात?

ती बदलली असे मी लगेच म्हणणार नाही. ज्या पाठाला मार्गदर्शक मागे बसले होते त्या दिवशी गठ्ठे पिशवीतच राहिले आणि उजळणी झाली. “मार्क जातील ना, मावशी.” तिचे चुकले असे म्हणणे मला जड जाते. पाठाला मार्क देताना आपण काय पाहतो? वर्ग एका सुरात म्हणतो आहे की नाही, हेच ना?

पाठ संपल्यावर त्या मुलीने तिला दारात गाठले. एकोणऐंशी आहे, एकोणनव्वद आहे, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?

“मलाही माहीत नाही,” भाची म्हणाली, आणि दोघी पुन्हा आत जाऊन गठ्ठे सोडून बसल्या.