परिच्छेद कोण शिकवणार?

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांच्या हाती सुरुवातीलाच जी पुस्तकं पडतात, त्यांत एलन लप्टन यांचं 'थिंकिंग विथ टाइप' (२००४) हमखास असतं. लप्टन बाई अमेरिकेत बॉल्टिमोरच्या कलामहाविद्यालयात शिकवत आल्या आहेत, आणि शिकवता शिकवता आलेलं शहाणपण पुस्तकात पानोपानी दिसतं. मी डिझाइन शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग केलं, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. डिझायनरनं आखलेलं पान पडद्यावर चालतंबोलतं करणं हे माझं काम. ही मंडळी नेमकं काय शिकून येतात, या कुतूहलापोटी मी हे पुस्तक वाचलं. पुस्तक आवडलं. तक्रार आहे ती ते आपल्याकडे ज्या प्रकारे शिकवलं जातं त्याबद्दल.

आधी आवडलेलं. पुस्तकाचे तीन भाग आहेत: अक्षर, मजकूर आणि ग्रिड. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक निबंध, मग बरोबर आणि चूक नमुने शेजारीशेजारी. चुकांना लप्टन 'टाइप क्राइम' म्हणतात. अक्षरं रबरासारखी ताणणं, अवतरणचिन्हांच्या जागी फूट-इंचाच्या खुणा टाकणं, सरळ अक्षर यंत्रानं तिरकं करून त्याला इटॅलिक म्हणणं, हे सगळे गुन्हे. थट्टा आहे, पण कारण दिल्याशिवाय एकही नियम येत नाही. विद्यार्थ्याला आज्ञा देण्याऐवजी बघायला शिकवणारं पुस्तक क्वचित मिळतं.

आता हाच धडा मराठी मजकुराला लावून पाहू. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के ठरलेलं असतं, असं लप्टन सांगतात. रोमनला ते बहुतेकदा पुरतं. मराठीत वरच्या ओळीत 'कर्तृत्व' आणि त्याच्या बरोबर खाली 'सर्वांनी' आलं, की वरचा ऋकार खालच्या रफारावर आणि अनुस्वारावर येऊन आदळतो. रोमनमध्ये कॅपिटल अक्षरं थोडी सुटी केली की शीर्षक ऐटदार दिसतं. देवनागरीत तेच केलं तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. कॅपिटल आणि स्मॉल कॅपिटल ही भानगडच आपल्याकडे नाही, आणि इटॅलिकची वेगळी परंपरा नसल्यामुळे आपलं जवळपास प्रत्येक तिरकं अक्षर लप्टन यांच्या कायद्यानुसार गुन्हाच ठरतं. मग मराठीत एखाद्या शब्दावर जोर कसा द्यायचा? शब्दांना प्रत्यय चिकटून 'विद्यापीठांमधल्यांपैकी' होतं, तेव्हा अरुंद रकान्यात दोन्ही कडा सारख्या करायच्या की नाहीत? हे प्रश्न वर्गात विचारले जायला हवेत, आणि त्यांची उत्तरं बॉल्टिमोरहून येणार नाहीत.

२०२४च्या तिसऱ्या आवृत्तीत इतर लिप्यांची ओळख त्या त्या लिपीच्या जाणकारांकडून करून दिली आहे. चांगलंच झालं. पण ओळख म्हणजे पाहुण्याची ओळख. यजमान अजून रोमनच आहे, आणि अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकात तो असणारच. लप्टन यांच्याकडून याहून जास्त मागणं अन्याय होईल. मागायचं ते आपल्या वर्गांकडून.

कारण आपल्याकडे काही नव्हतं असंही नाही. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा त्रिखंडी ग्रंथ १९७१मध्येच आला. र. कृ. जोशींनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पिढ्या घडवल्या. जोशींची सुलेखनकार ही प्रतिमा सगळ्यांना ठाऊक असते. पण विंडोजसोबत घरोघरी पोचलेला 'मंगल' फाँटही त्यांचाच. बोरूच्या फटकाऱ्यातून अक्षर शोधणारा माणूसच जोडाक्षरं संगणकाला कशी समजावायची यात गुंतला होता. या वारशाचा पहिला अर्धा भाग आपण उत्साहानं उचलला: भित्तिचित्रं, पोस्टरं, गणेशोत्सवाच्या शुभेच्छा, टी-शर्टवरची वळणदार अक्षरं. दुसरा अर्धा भाग फाँट घडवणाऱ्या मोजक्या लोकांकडे राहिला. शीर्षक देखणं झालं आणि परिच्छेद पोरका राहिला.

याचा अनुभव मला कामात वरचेवर येतो. डिझायनरकडून येणारा आराखडा सुबक असतो, पण त्यात मजकुराच्या जागी इंग्रजी किंवा निरर्थक लॅटिन भरलेलं असतं. मराठी सगळ्यात शेवटी, भाषांतर होऊन येतं. 'सबमिट'साठी आखलेल्या बटणात 'अर्ज सादर करा' मावत नाही. मग अक्षर बारीक केलं जातं, किंवा मात्रा वरून छाटल्या जातात. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाते. ल आणि श यांची मराठी वळणं महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेच्या निर्णयात ठरवून दिली. अनेक फाँटांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतातही, पण मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. सांगायची ती एका शब्दाची नोंद. ती कुणी करायची, हे डिझायनरच्या अभ्यासक्रमात नसतं आणि इंजिनिअरिंगच्या तर नसतंच. आम्हांला चार वर्षांत अक्षर हा शब्द भेटतो तो फक्त साठवणुकीचं एकक म्हणून.

लप्टन यांचा मजकुरावरचा निबंध इथे वेगळाच वाटू लागतो. वाचकाला वाचन टाळायला मदत करणं हे डिझाइनचं एक माणुसकीचं काम आहे, असा त्यांचा मुद्दा आहे: शीर्षकं, मोकळ्या जागा, याद्या यांच्या मदतीनं माणसाला हवं ते चटकन सापडावं. ज्या भाषेत मजकूर उदंड आणि नीट मांडलेला आहे, तिथे हे खरं. मराठी वाचकाची अडचण उलटी आहे. पीकविम्याचा अर्ज फोनवर भरणाऱ्या माणसाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचंच आहे. आदळलेल्या मात्रा आणि फुटलेली जोडाक्षरं त्याला वाचू देत नाहीत. तो मग कंटाळून इंग्रजीचं बटण दाबतो, किंवा भरून द्यायला कुणालातरी पैसे देतो. मराठीत वाचायला लोकांना आवडत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणं सोपं आहे. तो चुकीचा आहे.

उपाय फार खर्चिक नाही. टायपोग्राफीच्या पहिल्या सत्रात पोस्टरच्या आधी एक पान मराठी मजकूर द्यावा: एखादा सरकारी अर्ज, पाठ्यपुस्तकातला धडा, औषधासोबतची चिठ्ठी. त्यात 'कर्तृत्व', 'दऱ्या', 'हृद्य', 'उद्घाटन' असे शब्द मुद्दाम असावेत. विद्यार्थ्यानं ते पान छापावं, स्वस्तातल्या फोनवर उघडावं आणि अनोळखी माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण करावी, आणि मगच ओळींतलं अंतर ठरवावं. या तासाला संगणकशास्त्राची दोन मुलंही बसवावीत. लप्टन यांचं पुस्तक त्याच टेबलावर उघडं असू द्यावं. कारण विचारायची त्यांची रीत उचलावी, आकडे आपले आपण मोजावेत.