माचीवरचा निळा ठिपका

तुंगार्ली मागे पडली की राजमाचीच्या वाटेवर फोनची रेंज ये-जा करू लागते. मग कधीतरी स्क्रीनवरचे रस्ते, नावं, हिरवे पट्टे सगळं गायब होतं. उरते एक करडी पाटी आणि तिच्यावर ठामपणे उभा असलेला निळा ठिपका. आपण कुठे आहोत हे फोनला नेमकं ठाऊक असतं. तिथे काय आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही.

ठिपका आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळतं. ठिपका आकाशातून येतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सांगत असतात: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. फोन फक्त ऐकतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, कारण फोनच्या स्वस्त घड्याळाची चूकही त्याच गणितात काढावी लागते. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. आपल्या ‘नाविक’चा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, पण पुढे त्याची अणुघड्याळं बंद पडली आणि वाट दाखवायच्या कामातून तो बाद झाला. भारतीय बनावटीचं अणुघड्याळ अवकाशात गेलं ते २९ मे २०२३ रोजी, एनव्हीएस-०१ या उपग्रहावर.

ठिपक्याला इंटरनेट लागत नाही. नकाशाला लागतं, आधी उतरवून ठेवला नसेल तर. आणि नकाशा हा माणसांनी लिहिलेला मजकूर आहे. त्यामुळे कादंबरीला विचारतो ते प्रश्न त्यालाही विचारायला हवेत: यात काय निवडलंय, काय गाळलंय, कोणासाठी लिहिलंय? लोणावळ्याचा आपल्या फोनमधला नकाशा गाडीतून येणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. हॉटेलं, पार्किंग, व्ह्यू पॉइंट यांची त्यात रेलचेल. लोणावळ्याकडून येणारी लांब पण सोपी वाट आणि कोंदिवड्याकडून येणारी छातीवरची चढण, दोन्ही त्यात सारख्याच रेघा. बालेकिल्ल्याखालच्या सपाटीला ‘माची’ म्हणतात, तिथे वस्ती असते, पाणी असतं, हे त्याच्या भाषेतच नाही.

याच डोंगरावर दुसरा एक मजकूर आहे. तळेगाव दाभाड्याला राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्या बुधाची ही गोष्ट. तिच्यात जागा कळते ती झाडं, जनावरं, ऊन-पाऊस यांच्यासोबत रोज राहून. अंतरापेक्षा सहवास मोठा.

पण इथे गहिवरून जाण्यात अर्थ नाही. गोनीदांचं पुस्तक हातात धरून धुक्यात वाट सापडत नाही. बुधाचं ज्ञान बुधाजवळ होतं. शनिवारी सकाळी लोकलने उतरलेल्या आपल्याजवळ ते नाही, आणि ते असल्याचं सोंग जिवावर बेतू शकतं.

या परिसरात कोणी हरवलं की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक शोधायला निघतात. अशा वेळी हरवलेल्याने पाठवलेलं लोकेशन लाखमोलाचं. गंमत अशी, की त्याला स्वतःला त्या आकड्यांचा काही उपयोग होत नसतो. ते आकडे जेव्हा तो ओढा, ती घळ, तो कडा पायाने ओळखणाऱ्या माणसापर्यंत पोचतात, तेव्हा त्यांना अर्थ येतो. ठिपक्यालाही वाचक लागतो.

आपण ठिपका पाहतो आणि वाचल्याचं समाधान मानतो, ही माझी तक्रार आहे. फोनला त्यात दोष नाही. त्याचं काम तो चोख करतो. उरलेलं काम आपलं. निघण्याआधी नकाशा उतरवून घ्या, बॅटरी राखा. आणि उधेवाडीत पोचलात की फोन खिशात टाकून कुणाला तरी विचारा, “मामा, खाली कोंदिवड्याकडे कुठून जायचं?” उत्तरात अंतर कदाचित चुकीचं मिळेल. पण कुठे पाय घसरतो, हे बहुतेक बरोबर कळेल.